मराठी कानाने जर्मन: श्टुटगार्टकडे निघालेल्यांसाठी, पहिल्या धड्यापासून पहिल्या महिन्यापर्यंत

जर्मन शिकायला बसलेले आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी एक लांबचा वळसा घेतात. वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवायचं आणि मग त्याचं शब्दाशब्दाने जर्मन करायचं. वर्गातल्या टिपा इंग्रजीत, शब्दकोश इंग्रजी, त्यामुळे ही सवय लागते आणि पुढे फार महाग पडते. तीन लिंगं, विभक्त्या, वाक्याच्या शेवटी जाणारं क्रियापद, तू आणि तुम्ही यांतला भेद, दीड आणि पाऊण असे अपूर्णांकांचे स्वतंत्र शब्द, हे सगळं जर्मनमध्ये आहे आणि मराठीतही आहे. इंग्रजीत यातलं जवळजवळ काहीच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून मराठीतूनच जर्मनकडे जा. मराठी जिथे फसवते त्या जागाही मोजक्या आहेत. त्या खाली दिल्या आहेत.

उदाहरणं मुद्दाम बाडेन-व्युर्टेम्बर्ग या नैर्ऋत्येकडच्या राज्यातली घेतली आहेत. कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये याच राज्याशी करार केला, आणि त्याची राजधानी श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे. रुग्णालयं, गाड्यांचे कारखाने, हॉटेलं अशा ठिकाणी कामाला जाणाऱ्यांनी पुस्तकातल्या जर्मनबरोबर तिथली श्वेबिश बोलीही थोडी ओळखून ठेवायला हवी.

एक सूचना आधीच. देवनागरीत लिहिलेले जर्मन उच्चार हे कुबडीसारखे आहेत. शब्द रोमन लिपीतूनच पाठ करा, ध्वनिफीत ऐका आणि इथलं लेखन फक्त आधाराला ठेवा.

पायरी १: तोंडाला वळण लावा (पहिले दोन आठवडे)

व्याकरणाआधी उच्चार. उलट क्रमाने गेलात तर चुकीचे उच्चार पक्के होतात आणि नंतर ते सुटता सुटत नाहीत.

वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षराला जर्मनमध्ये 'त्सेट' म्हणतात. त्याचा उच्चार म्हणजे आपला 'चांगला', 'चाक' यांतला च. हिंदी भाषकाला हा ध्वनी नव्याने शिकावा लागतो, मराठी माणसाला तो जन्मापासून येतो. वेळ म्हणजे 'त्साइट', दहा म्हणजे 'त्सेन', रेल्वेगाडी म्हणजे 'त्सूक'. 'चार', 'चिंच' यांतला दुसरा च जर्मनमध्ये चार अक्षरं जोडून लिहितात. हे दोन च वेगळे ठेवायची सवय आपल्याला आहेच.

'फाउ' नावाच्या अक्षराचा (इंग्रजीतला व्ही) उच्चार बहुधा फ होतो, पण ओठ मिटून काढलेला 'फळ'मधला फ नव्हे. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायची. 'वे' नावाच्या अक्षराचा (इंग्रजीतला डब्ल्यू) उच्चार व होतो, तोही दात ओठाला लावूनच. इंग्रजीच्या सवयीने लोक ही दोन अक्षरं नेमकी उलटी वाचतात, आणि वडील म्हणजे 'फाटर'चं 'वाटर' करून बसतात.

आता अनोळखी स्वर. तोंडात 'ई' धरा, जीभ जागची हलवू नका, फक्त ओठ 'ऊ'सारखे गोल करा. जो आवाज येईल तो दोन टिंबांचा ऊ. तसंच 'ए' धरून ओठ 'ओ'सारखे केले की दोन टिंबांचा ओ. आरशासमोर रोज पाच मिनिटं केलंत तर आठवड्यात जमतं. टिंबं गाळली तर अर्थ बदलतो: 'शोन' म्हणजे आधीच, आणि तोच शब्द टिंबांसह म्हणजे सुंदर.

'मी' या अर्थाच्या जर्मन शब्दातला शेवटचा ध्वनी देवनागरीत नाही. जीभ 'य' म्हणायच्या जागी ठेवा आणि आवाज न काढता नुसती हवा सोडा. इथे सोयीसाठी 'इश' लिहिलं आहे, पण तो स्पष्ट श नाही. आ, ओ, उ या स्वरांनंतर हा ध्वनी दाखवणारी तीच अक्षरं घशातून घासून येतात: आठ म्हणजे 'आख्ट'.

स्वरांच्या लांबीकडे मराठी कान दुर्लक्ष करतो, कारण बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही. जर्मनमध्ये त्यावर अर्थ ठरतो. 'श्टट' म्हणजे शहर, 'श्टाट' म्हणजे राष्ट्र. 'ऑफन' म्हणजे उघडं, 'ओफन' म्हणजे शेगडी किंवा भट्टी. नियम सोपा: स्वरानंतर एकच व्यंजन दोनदा लिहिलेलं असेल तर स्वर ऱ्हस्व, आणि स्वरानंतर मुकं 'हा' अक्षर असेल तर दीर्घ. शब्दाच्या शेवटी ग, ड, ब आले की ते क, ट, प होतात. दिवस म्हणजे 'टाक', कुत्रा म्हणजे 'हुंट'. आणि आपला ट जीभ मागे वळवून येतो, तो तसा काढू नका. जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीवर टेकवा, त आणि ट यांच्या मधोमध.

पायरी २: आकडे आणि घड्याळ

इंग्रजीतून शिकणाऱ्याला जर्मन आकडे उलटे वाटतात. आपल्याला ते सरळ आहेत. 'एकवीस' म्हणताना आपण आधी एक म्हणतो आणि मग वीस. जर्मनही तसंच, 'आइन-उंट-त्स्वांत्सिश', एक आणि वीस. बेचाळीस म्हणजे 'त्स्वाइ-उंट-फिर्त्सिश', दोन आणि चाळीस. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस इथे आपली पद्धत वेगळी आहे, कारण जर्मन तिथेही नऊ आणि वीस असंच म्हणतात. सरावासाठी घरातल्या कोणाला तरी मराठीत आकडे सांगायला लावा आणि ऐकताक्षणी जर्मनमध्ये म्हणा. इंग्रजी आकडा मध्ये येता कामा नये. दक्षिणेत शेवटचा 'त्सिश' बऱ्याचदा 'त्सिक' असा ऐकू येईल, आणि फोनवर 'त्स्वाइ'ऐवजी 'त्स्वो' म्हणतील, म्हणजे तीनच्या 'द्राय'शी गल्लत होत नाही.

लिहिताना दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो आणि हजारांच्या गटाला टिंब. किमतीच्या पाटीवर २,५० म्हणजे अडीच युरो.

घड्याळात मात्र सावध राहा. 'हाल्प आख्ट' म्हणजे शब्दशः अर्धे आठ, आणि त्याचा अर्थ साडेसात. आपण होऊन गेलेल्या तासाचं नाव घेतो, जर्मन येणाऱ्या तासाचं. साडेआठ समजून पोचलात तर तासभर उशीर होतो, आणि कामाच्या पहिल्या आठवड्यात तो उशीर लक्षात राहतो. श्टुटगार्टच्या भागात आणखी दोन प्रकार ऐकू येतात: 'फिर्टल आख्ट' म्हणजे सव्वासात, आणि 'द्राय-फिर्टल आख्ट' म्हणजे पावणेआठ. दुसरा तर शब्दशः 'पाऊण आठ' आहे, आठव्या तासाचा पाऊण भाग झाला. देशाच्या इतर भागांतून आलेले जर्मन लोकही इथे गोंधळतात, पण पाऊण ज्याच्या बोलण्यात आहे त्याला हे एकदा समजलं की पुरतं. दीडसाठीही स्वतंत्र शब्द आहे, 'आंडर्टहाल्प'. रेल्वे, दवाखाना आणि सरकारी पत्रांत २४ तासांचं घड्याळ चालतं. शंका आली तर तेच वापरून खात्री करा.

पायरी ३: डेअर, डी, डस

तो, ती, ते. नामाला तीन लिंगं असू शकतात ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही, आणि टेबलाला लिंग का असावं हा प्रश्नही आपल्याला पडत नाही. काही शब्द तर जसेच्या तसे जुळतात: ते घर, ते पुस्तक, ते पाणी ही तिन्ही जर्मनमध्येही नपुंसकलिंगी. ती भाषा स्त्रीलिंगी, तो चहा आणि तो चमचा पुल्लिंगी. मात्र काटा तिथे 'ती' आणि सुरी 'ते' आहे. सूर्य 'ती' आहे, चंद्र 'तो'. म्हणजे जुळणी हा योगायोग समजा आणि त्यावर विसंबून अंदाज बांधू नका.

मुलगी या अर्थाचा 'मेडशन' नपुंसकलिंगी आहे याचं इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फार नवल वाटतं. आपण वासरू, कोकरू, पिल्लू, लेकरू यांना 'ते'च म्हणतो. जर्मनमध्ये 'शन' किंवा 'लाइन' हा लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो, एवढाच तो नियम. श्वेबिश बोलीत याच जागी 'ल' लागतो. तिथला प्रसिद्ध पदार्थ श्पेत्स्ल हे त्याच प्रत्ययाचं उदाहरण.

भरवशाचे नियम थोडे आहेत, पण ते खरोखर उपयोगी पडतात. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, योन, टेट यांनी संपणारे शब्द 'ती'. वार, महिने, ऋतू 'तो'. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं, आपल्या तत्पुरुषासारखं. 'क्रांकनहाउस' म्हणजे रुग्ण अधिक घर. घर 'ते', म्हणून रुग्णालयही 'ते'. हातमोज्याला जर्मन लोक हाताचा बूट म्हणतात, बूट 'तो', म्हणून हातमोजा 'तो'. वीस-पंचवीस अक्षरांचा शब्द समोर आला की शेवटाकडून सोडवायला घ्या.

बाकी पाठांतर. वहीत नाम कधीही एकटं लिहू नका. लिंगदर्शक शब्द, नाम आणि अनेकवचन असे तीन तुकडे एका दमात लिहा आणि एका दमात म्हणा. तीन रंगांची पेनं वापरा. नामाचं पहिलं अक्षर वाक्यात कुठेही आलं तरी मोठ्या लिपीत लिहायचं, आणि हे पहिल्या दिवसापासून करायचं. ए-१ या पहिल्या पातळीला साधारण ६५० शब्द लागतात आणि बी-१ या मधल्या पातळीला २४००च्या आसपास. रोज दहा शब्द धरले आणि रविवारी नवीन काही न घेता फक्त उजळणी केली, तर हे आकडे आवाक्यात येतात.

पायरी ४: 'ला'चा घोटाळा

मराठी विद्यार्थ्यांच्या सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्यांचं कारण मराठीतच आहे. द्वितीया आणि चतुर्थी, दोन्हींना आपण 'ला' लावतो. 'मी त्याला पाहतो' आणि 'मी त्याला मदत करतो' यांतला 'त्याला' आपल्याला एकच वाटतो. जर्मनमध्ये पहिला 'ईन', दुसरा 'ईम'. पहिली द्वितीया, दुसरी चतुर्थी.

यावर उपाय क्रियापदांच्या दोन याद्या. मदत करणे, आभार मानणे, उत्तर देणे, आवडणे, मालकीचे असणे, मागोमाग जाणे यांची जर्मन क्रियापदं चतुर्थी घेतात. विचारणे ('फ्रागन') आणि फोन करणे ('आनरूफन') मात्र द्वितीया घेतात, जरी आपण 'त्याला विचार', 'त्याला फोन कर' असं म्हणत असलो तरी. या दोन क्रियापदांवर लाल खूण करून ठेवा.

रूपं म्हणाल तर द्वितीयेत फक्त पुल्लिंग बदलतं: 'डेअर'चं 'डेन'. चतुर्थीत 'डेअर' आणि 'डस' या दोन्हींचं 'डेम', 'डी'चं 'डेअर', आणि अनेकवचनाचं 'डेन', शिवाय नामाला बहुतेक वेळा शेवटी न जोडायचा.

आता हीच मराठी जिथे हात देते ती जागा. मला थंडी वाजते, मला उकडतंय, मला मळमळतंय: अनुभव घेणारा आपल्याकडे चतुर्थीत असतो, आणि जर्मनमध्येही. 'मिअर इस्ट काल्ट', 'मिअर इस्ट हाइस', 'मिअर इस्ट श्लेश्ट'. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी 'इश बिन श्लेश्ट' म्हणतो, आणि त्याचा अर्थ होतो 'मी वाईट आहे'. 'इश बिन हाइस' तर चारचौघांत म्हणूच नये. त्यातून कामुक अर्थ निघतो. नर्सिंगला जाणाऱ्यांनी ही तीन वाक्यं पहिल्या महिन्यातच पक्की करावीत, रुग्ण दिवसभर हेच बोलणार आहेत. फक्त भूक आणि तहान यांना अपवाद आहे: तिथे 'माझ्याकडे भूक आहे' अशी रचना येते, 'इश हाबं हुंगर'.

जागा दाखवणाऱ्या नऊ शब्दयोगींना (वर, खाली, मागे, पुढे, मध्ये, शेजारी वगैरे) दोन्ही विभक्त्या चालतात. प्रश्न विचारा: 'कुठे आहे?' असेल तर चतुर्थी, 'कुठे ठेवू?' असेल तर द्वितीया. पुस्तक टेबलावर असताना 'डेम', पुस्तक टेबलावर ठेवताना 'डेन'.

पायरी ५: वाक्य मराठीत रचा, एक क्रियापद उचलून पुढे आणा

'मला उद्या रेल्वेने उल्मला जायचंय.' हे जर्मनमध्ये कसं होतं पाहा: 'इश म्योश्ट मॉर्गन मिट डेम त्सूक नाख उल्म फारन.' उद्या, रेल्वेने, उल्मला, जाणे. आधी वेळ, मग रीत, मग ठिकाण आणि शेवटी क्रियापद. मराठी क्रम जसाच्या तसा राहिला. फक्त पुरुषाप्रमाणे बदलणारं 'म्योश्ट' दुसऱ्या जागी येऊन बसलं. भूतकाळातही हीच तऱ्हा: साहाय्यक क्रियापद दुसऱ्या जागी, मुख्य क्रियापद शेवटी. जाणं-येणं, झोपी जाणं, उठणं अशा स्थान किंवा अवस्था बदलण्याच्या क्रियांना 'असणे'चं साहाय्यक लागतं, बाकी बहुतेकांना 'हाबन'चं, म्हणजे 'जवळ असणे'चं.

दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा घटक. वाक्य 'उद्या'ने सुरू केलंत तर लगेच क्रियापद यायला हवं आणि कर्ता त्याच्यामागे जातो. 'मॉर्गन इश फारं' ही चूक अगदी बी-१ पर्यंत टिकून राहते.

गौण वाक्यात तर क्रियापद सगळंच्या सगळं शेवटी जातं. 'वाइल इश क्रांक बिन': कारण मी आजारी आहे. इंग्रजीत विचार करणारा इथे दर वेळी थांबून मागे जातो. मराठीत विचार करणाऱ्याला ओळखीची पायवाट सापडते.

काही क्रियापदांचा पुढचा तुकडा तुटून वाक्याच्या टोकाला जातो. 'आनकोमन' म्हणजे पोचणे. गाडी आठला पोचते म्हणताना 'कोम्ट' दुसऱ्या जागी आणि 'आन' अगदी शेवटी. फलाटावरची घोषणा शेवटच्या शब्दापर्यंत ऐका, कारण गाडी येतेय की सुटतेय हे त्या शेवटच्या तुकड्यात असतं.

छोट्या शब्दांबद्दलही सांगायला हवं. 'ये की!', 'बघ जरा', 'छान आहे की हे!' यांतल्या की, जरा, ना, च यांना इंग्रजीत जागा नाही, जर्मनमध्ये आहे. 'कॉम डॉख' म्हणजे 'ये की'. 'गुक माल' म्हणजे 'बघ जरा'. पुस्तकं हे शब्द उशिरा शिकवतात, पण लोक पहिल्या दिवसापासून बोलतात. 'डॉख'चं आणखी एक काम आहे. 'तू येत नाहीस का?' याला 'येतोय की' म्हणायचं असेल तर एकटा 'डॉख' पुरतो. आणि येत नसाल तर 'नाइन' म्हणा. आपल्या सवयीने 'हो, येत नाही' म्हणालात तर ऐकणारा गोंधळेल.

पायरी ६: डू आणि झी

लहान मुलं, घरचे, मित्र यांना 'डू', म्हणजे तू. अनोळखी प्रौढ, अधिकारी, डॉक्टर, रुग्ण, दुकानदार यांना 'झी', म्हणजे तुम्ही, आणि त्याबरोबर 'हेर' किंवा 'फ्राउ' लावून आडनाव. नुसतं 'सर', 'मॅडम' तिथे चालत नाही, आणि 'हेर' पुढे पाळण्यातलं नावही लावत नाहीत. 'झी'वरून 'डू'वर यायचं आमंत्रण वयाने किंवा हुद्द्याने मोठ्याने द्यायचं असतं. धाकट्याने वाट पाहायची. पुष्कळ कंपन्यांत आता सरसकट 'डू' असतं, तिथे तुम्ही एकट्याने 'झी' धरून बसलात तर फटकून वागता असं वाटेल. पहिल्या दिवशी 'झी'ने सुरू करा आणि समोरचा काय म्हणतो ते ऐका.

'झी'चं क्रियापद 'ते लोक' या रूपासारखं असतं. आदरासाठी अनेकवचन, 'साहेब आले आहेत' तसं. पण आपण माघारीही आदरार्थी बोलतो, 'बाबा गावाला गेले', आणि जर्मनमध्ये हे चालत नाही. गैरहजर माणूस एकटा असेल तर क्रियापद एकवचनीच, मग ते वडील असोत वा राष्ट्राध्यक्ष. आणि आजी-आजोबा, सासू-सासरे यांनाही घरात 'डू'च म्हणतात. मराठी सुनेच्या आणि जावयाच्या जिभेला हे जड जातं, पण तिथे 'झी' म्हटलं तर सासऱ्यांना परकं केल्यासारखं वाटतं.

पायरी ७: वर्ग आणि परीक्षा

ग्योटे-इन्स्टिट्यूटच्या भारतातल्या शाखांना मॅक्स म्युलर भवन म्हणतात, ऋग्वेदाचं संपादन करणाऱ्या डेसाउच्या अभ्यासकावरून. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ते आहे, शिवाय पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. कुठेही शिका, पण तासांचा हिशेब खरा धरा: शून्यापासून बी-१ पर्यंत ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात. तीन महिन्यांत त्यापुढची बी-२ पातळी करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातीवर पैसे घालवू नका. नर्सिंगसाठी सहसा बी-२ लागतं.

बी-१ ची परीक्षा चार भागांची: वाचन ६५ मिनिटं, श्रवण ४०, लेखन ६०, आणि संभाषण जोडीने. प्रत्येक भागाला १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ६०. एखाद्या भागात राहिलात तर तेवढाच पुन्हा देता येतो. लेखनात गुण जातात ते पत्राच्या ठेवणीत. संबोधनानंतर स्वल्पविराम, पुढची ओळ लहान लिपीतल्या अक्षराने सुरू, आणि शेवटच्या 'सस्नेह'नंतर स्वल्पविराम नाही. संभाषणात जोडीदाराबरोबर बेत आखायचा असतो. तिथे पाठ केलेलं भाषण म्हणू नका. त्याचं बोलणं उचलून पुढे न्या. श्रवणाच्या सरावाला डॉइचे वेले या प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या विनामूल्य मिळतात.

पायरी ८: पोचल्यावरचे पहिले दिवस

सगळ्यात आधी टपालपेटीवर आणि घंटीवर आडनाव लावा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, आणि तिथे सगळा कारभार पत्रांवर चालतो. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर त्याच्या नावाखाली तुमचं.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', करायची. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाची सही असलेलं वास्तव्याचं पत्र लागतं. भाडेकरार त्या पत्राची जागा घेत नाही. लोक इथेच परत पाठवले जातात. भेटीची वेळ, म्हणजे 'टेर्मीन', भारतातूनच मिळाली तर घेऊन ठेवा. आपल्या पासपोर्टवर बहुतेक वेळा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. जर्मनीत ती दोन्ही तुमची नावं धरली जातात. सगळ्या कागदांवर, बँकेत, विम्यात तोच क्रम तसाच ठेवा, एकाही ठिकाणी गाळू नका.

नोंदणीनंतर कराचा क्रमांक टपालाने येतो. थोड्या दिवसांनी रेडिओ-दूरचित्रवाणीच्या शुल्काचंही पत्र येतं, दरमहा १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं, पण एका घराला एकदाच. सोबत राहणारा भरत असेल तर त्याचा खातेक्रमांक कळवून मोकळे व्हा. कोणतंही सरकारी पत्र आलं की त्यात 'फ्रिस्ट' म्हणजे मुदत शोधा आणि दारामागे लिहून ठेवा.

घरात हवा खेळवण्याची पद्धत शिकून घ्या. हिवाळ्यात खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवली की भिंती गार पडतात, फोडणीची आणि भाताची वाफ त्यावर बसते आणि बुरशी धरते. मग भिंतीचा खर्च तुमच्याकडे मागितला जातो. दिवसातून दोन-तीन वेळा, आणि स्वयंपाकानंतर लगेच, खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटांत बंद करा. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी शांतता पाळायची. भिंतीला भोक पाडायचं काम शनिवारी दिवसा उरका. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणा. डबे आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात टाकून ती परत मिळते, म्हणून बाटल्या चेपू नका; खूण वाचता आली नाही तर यंत्र घेत नाही.

आणि खास श्टुटगार्टकडचं: एखाद्या सकाळी तुमच्या दाराला एक पाटी अडकवलेली दिसेल, 'केअरवोख'. जिना आणि आवार झाडायची या आठवड्याची पाळी तुमची. शनिवारपर्यंत झाडून-पुसून पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. शेजारी तुमच्याविषयी जे मत करतात त्यात या पाटीचा वाटा मोठा असतो.

कामावर लागणारे श्वेबिश शब्द थोडे, पण नेमके आहेत. 'फूस' म्हणजे पुस्तकात पाऊल. इथला म्हातारा रुग्ण मात्र कमरेपासून खालच्या अख्ख्या पायाला 'फूस' म्हणतो, आपल्या 'पाय'सारखंच. 'फूस' दुखतोय म्हणाला तर कुठे ते हाताने दाखवायला सांगा. 'हेबन' म्हणजे पुस्तकात उचलणे, इथे धरून ठेवणे. शिडीवरचा माणूस 'हेब!' म्हणाला तर उचलू नका, घट्ट धरा. 'टेपिश' म्हणजे गालिचा, पण आजींना हवं असतं ते पांघरूण.

शाकाहारी लोकांनी बटाट्याच्या कोशिंबिरीला विचारल्याशिवाय हात लावू नये. श्वेबिश पद्धतीत ती बऱ्याचदा मांसाच्या रश्शात कालवतात. माउलटाशन या पारीच्या पदार्थात पारंपरिकपणे खिमा असतो. चीजचे श्पेत्स्ल चालतात, अंडं चालत असेल तर. 'श्माल्त्स' म्हणजे डुकराची चरबी. 'इस्ट डा फ्लाइश ड्रिन?' यात मांस आहे का, एवढं विचारून थांबू नका; रस्सा कशाचा आहे तेही विचारा.

कोणी जेवायला बोलावलं तर ठरल्या वेळेला किंवा पाच मिनिटांनंतर घंटी वाजवा, आधी कधीच नाही. बूट काढू का, असं दारातच विचारा. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, अपशकुन मानतात. पेला उचलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहा. पानावर आग्रह होणार नाही. संकोचाने एकदा 'नको' म्हणालात की ते खरं धरतात आणि भांडं पुढे जातं. नुसतं 'डांक' म्हणालात तरी त्याचा अर्थ 'नको' असाच होतो. हवं असेल तर 'या, बिटं' म्हणा आणि भूक आहे तेवढं वाढून घ्या. गप्पा रंगल्यावर यजमानांनी दोन्ही हात मांड्यांवर टेकवून 'झो!' म्हटलं की निघायची वेळ झाली. तिथेच उठून कोट घाला.